स्वप्नांचा विचार : ख्रिस्ती दृष्टीनें

गेल्या वर्षीं कार्तिकांत, नागलीची कापणी चालू असतां, आमच्या नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी बारा दिवस शाळेंत आला नाहीं. तेराव्या दिवशीं तो आला, परंतु वर्गांत न जातां शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं उभा राहिला. हरसूलच्या आसपासच्या पाड्यांवरून येणारीं मुलें गैरहजेरीचें कारण विस्तारानें सांगत नाहींत. ओहोळास पूर आला, आई आजारी होती, घरीं पाहुणे आले, एवढें एक वाक्य बोलून तीं खालीं पाहतात. हा मुलगा मात्र बराच वेळ घुटमळला आणि शेवटीं म्हणाला, “सर, स्वप्न खरें असतें का?”

हळूहळू सर्व हकीकत कळली. सहामाही परीक्षेच्या दिवसांत त्याचे आजोबा वारले. निरोप आला तेव्हां गणिताचा पेपर उरला होता. तो देऊन मग हा घरीं गेला, तोंवर माती झाली होती. पुढें कांहीं दिवसांनीं पहाटे त्याला स्वप्न पडलें. आजोबा शेताच्या बांधावर उभे आहेत, हातांत विळा आहे; त्यांनीं तो विळा नातवाच्या हातीं दिला आणि कांहीं न बोलतां ते डोंगराच्या बाजूस चालूं लागले. उठल्यावर त्यानें हें आईस सांगितलें, आणि दुपारपर्यंत तें साऱ्या पाड्यास कळलें. एका वडील माणसानें अर्थ लावला कीं, म्हाताऱ्यानें नातवास शेतीस लाविलें, आतां पुस्तक मिटावें. दुसऱ्यानें मान हलवून सांगितलें कीं, मेलेलें माणूस हातीं वस्तु देतें तें लक्षण बरें नव्हे. पोरास नदीपलीकडे पाठवूं नये. तिसरे गृहस्थ आमच्याच मंडळींतील. त्यांनीं पवित्र शास्त्रांतील पिकाची व कापणीची उपमा काढून असें ठरविलें कीं, मुलास सुवार्तेच्या कामाचें पाचारण झालें आहे. बाप कठोर नव्हता, पण भ्याला, आणि त्यानें मुलास घरीं ठेवून घेतलें.

असे तीन अर्थ घेऊन तो आमच्याकडे चौथा मागावयास आला होता. आम्हीं तो दिला नाहीं. न देण्याचें कारण त्या वेळीं त्यास नीट सांगतां आलें नाहीं, म्हणून तें येथें त्याच्यासाठीं, त्याच्या सोबत्यांसाठीं व त्यांच्या आईबापांसाठीं लिहीत आहों.

स्वप्नाविषयीं आपल्याकडे लहानपणापासून कांहीं ना कांहीं कानांवर पडतच असतें. पहाटेचें स्वप्न खरें होतें. स्वप्नांत कोणी मेलेलें दिसलें तर त्याचें आयुष्य वाढतें. दात पडलेला दिसला तर घरांत दुःख येतें. साप दिसला तर अमुक, पाणी दिसलें तर तमुक. पूर्वीं हें आजीकडून कळे, किंवा गांवांत भगत असेल तर त्याच्याकडे जावें लागे. आतां मोबाइलवर अक्षरें दाबलीं कीं अर्थांची यादी पुढें येते. यादी बहुतेक तीच, फक्त आजीची माया तींत नाहीं. ख्रिस्ती घरांत ही यादी नसते असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. आम्ही कित्येक ख्रिस्ती घरांत पाहुणे म्हणून राहिलों आहों, आणि सकाळच्या प्रार्थनेनंतर चहा घेतांना दात पडल्याच्या स्वप्नाची कुजबुज ऐकली आहे.

यांपैकीं पहाटेच्या स्वप्नाची गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे, कारण तिच्या मुळाशीं खरें निरीक्षण आहे. १९५३ सालीं अमेरिकेंतील शिकागो विद्यापीठांत नॅथॅनिएल क्लाइटमन व त्यांचा विद्यार्थी युजीन ॲसेरिन्स्की यांनीं असें दाखवून दिलें कीं, झोप रात्रभर एकसारखी नसते. तींत मधून मधून असा काळ येतो कीं, मिटलेल्या पापण्यांखालीं बुबुळें भराभर हालतात. त्या वेळीं माणसास जागें केलें तर तो बहुधा स्वप्न सांगतो. पुढें असें कळून आलें कीं, झोपेचा हा फेरा सुमारें दीड तासाचा असतो, आणि रात्र सरत येते तसतसा त्यांतील स्वप्नांचा काळ लांबत जातो. तेव्हां पहाटे स्वप्नें अधिक पडतात आणि जाग जवळ असल्यामुळें तीं आठवतात. त्यांतून जें खरें झालें तें जन्मभर लक्षांत राहतें. जें झालें नाहीं तें दुपारच्या भाकरीबरोबर विसरलें जातें. या शोधाच्या अर्धशतकापूर्वीं व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनीं, ज्यावर १९०० साल छापलें आहे अशा आपल्या मोठ्या ग्रंथांत, स्वप्न म्हणजे दडपलेल्या इच्छेचें वेषांतर होय असें मांडलें. त्यांचें सर्वच म्हणणें पुढील शास्त्रज्ञांनीं मान्य केलें नाहीं, आणि आम्हांसही तें सर्व पटत नाहीं. तथापि ‘मनीं वसे तें स्वप्नीं दिसे’ ही म्हण आपल्या घरोघरीं आहेच.

तर मग, विद्यार्थी विचारतील, झोपेचें शास्त्र कळल्यावर त्यांत देवाचें काम काय उरलें? पाऊस समुद्राच्या वाफेपासून होतो हें आम्ही भूगोलाच्या तासास शिकवितों, आणि जूनमध्यें पहिली सर आली म्हणजे देवाचे आभारही मानतों. कारण कळल्यानें दाता नाहींसा होत नाहीं. खरा प्रश्न निराळाच आहे. या रोजच्या स्वप्नांच्या गर्दींत कशाकडे लक्ष द्यावें, आणि तें ठरवावयाचें कोणीं?

पवित्र शास्त्र याविषयीं जितकें उदार आहे तितकेंच सावध आहे. याकोबाला दगडाच्या उशावर शिडी दिसली, शलमोनानें गिबोन येथें स्वप्नांत शहाणपण मागितलें, हें आपणांस पाठ आहे. पण अनुवादाच्या तेराव्या अध्यायांत असेंही सांगितलें आहे कीं, स्वप्न पाहणाऱ्यानें दिलेलें चिन्ह घडून आलें तरी, तो जर लोकांस देवापासून दूर नेत असेल तर त्याचें ऐकूं नये. म्हणजे स्वप्न खरें ठरलें एवढ्यानें तें देवाचें ठरत नाहीं! हा नियम फार थोड्यांच्या ध्यानांत असतो. यिर्मयाच्या काळीं स्वप्नें सांगून लोकांना भुलविणारे पुष्कळ माजले होते. त्यांच्या स्वप्नांना त्या संदेष्ट्यानें भुसकट म्हटलें आणि देवाच्या वचनाला गहूं. उपदेशकाच्या पुस्तकांत तर, कामाच्या व्यापामुळें स्वप्नें पडतात, असें साधेंच निरीक्षण आहे. तें शिकागोच्या कितीतरी आधींचें.

स्वप्नाचा अर्थ कसा उलगडतो हें पाहावयाचें असेल तर उत्पत्तीच्या पुस्तकांतील योसेफाची कथा पुन्हां, पण सावकाश, वाचावी. आम्ही ती वर्षानुवर्षें वर्गांत शिकवीत आलों, आणि तिच्यांतील एक गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरां आली. सतरा वर्षांच्या योसेफास स्वप्न पडलें कीं, भावांसह तो शेतांत पेंढ्या बांधीत आहे, त्याची पेंढी उभी राहिली आणि भावांच्या पेंढ्यांनीं तिला नमन केलें. त्यानें तें भावांना सांगितलें. भावांनीं ताबडतोब अर्थ लावला : हा आमच्यावर राज्य करणार. योसेफाच्या मनांत तरी दुसरा अर्थ असेल असें दिसत नाहीं. नाहीं तर सूर्य, चंद्र व अकरा तारे यांचें दुसरें स्वप्न त्यानें लागलेंच सांगितलें नसतें. सर्वांची नजर नमनावर खिळली. पेंढ्यांकडे कोणीच पाहिलें नाहीं.

आतां हें घराणें मेंढपाळांचें. मुलाच्या अंगाला लोंकरीचा वास, डोळ्यांपुढें रात्रंदिवस मेंढरें. नमनच दाखवावयाचें तर मेंढरें सोडून धान्याच्या पेंढ्या कां दिसाव्या? वीसएक वर्षांनीं याचें उत्तर मिळालें. मधल्या काळांत तो खड्ड्यांत टाकला गेला, चांदीच्या वीस नाण्यांस विकला गेला, खोट्या आरोपानें तुरुंगांत पडला; आणि ज्या प्यालेबरदारास त्यानें त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला, तोही त्याला दोन वर्षें विसरला. तिसाव्या वर्षीं तो फारोपुढें उभा राहिला. सुकाळाचीं सात वर्षें गेलीं, दुष्काळ पडला, आणि कनानांतून भाऊ धान्य विकत घ्यावयास येऊन त्याच्यापुढें जमिनीपर्यंत लवले. त्या वेळीं त्याला तीं स्वप्नें आठवलीं असें शास्त्र सांगतें. नमन झालें खरें. पण आतां त्याचें महत्त्व तें काय? भावांच्या हातांत रिकामीं पोतीं होतीं. त्या स्वप्नाचा अर्थ धान्य हा होता. देवानें दाखविलें तें सिंहासन नव्हे, कोठार होतें. आणि तेंही ज्यांनीं त्याला विकलें त्यांच्याच पोटासाठीं. योसेफ विजयानें हंसला नाहीं. बाजूस जाऊन रडला.

कोणी म्हणेल, ही तुमची कल्पना आहे. असेल. पण सतराव्या वर्षीं लागलेला अर्थ आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर लागलेला अर्थ यांत केवढें अंतर आहे तें पाहावें. आम्हीही आतां चाळिशी ओलांडली आहे, म्हणून कदाचित् तें आमच्या डोळ्यांत अधिक भरत असेल. तुरुंगांत असतांना योसेफ इतकें शिकला होता कीं, अर्थ सांगणें हें देवाकडचें काम आहे, हें त्यानें इतर कैद्यांस व पुढें फारोसही आधीं सांगितलें आणि मग तोंड उघडलें. फारोच्या स्वप्नाचा अर्थ सांगून झाल्यावर तो थांबला नाहीं. पिकाचा पांचवा हिस्सा सांठवावा, त्यासाठीं नगरोनगरीं कोठारें करावीं, असा व्यवहार त्यानें सांगितला. अर्थ कामांत उतरला, तेव्हांच तो पुरा झाला.

या कथेंत आणखी एक माणूस आहे, ज्याच्याकडे शिक्षकांचें व पालकांचें लक्ष जावें. तो म्हणजे बाप. याकोबानें मुलास रागें भरलें, पण ती गोष्ट मनांत ठेविली. त्यानें स्वप्नाची थट्टा केली नाहीं आणि त्याचा निकालही लावला नाहीं. मुलानें भीत भीत सांगितलेलें स्वप्न ऐकून घेणें, त्यास जवळ बसविणें, आणि पाड्यावर त्याची दवंडी न पिटणें, इतकें पुष्कळ वेळां पुरे असतें. तेंच भयंकर स्वप्न वारंवार पडून मूल रात्रीं किंचाळून उठत असेल, तर मात्र अर्थाच्या मागें न लागतां त्यास डॉक्टरकडे न्यावें. त्यांत श्रद्धेस कमीपणा नाहीं.

नव्या करारांतील दुसरा योसेफ, मरियेचा पति, यास मत्तयाच्या शुभवर्तमानांत चार वेळां स्वप्नांत सूचना मिळाली. मरियेचा स्वीकार कर, बाळास घेऊन मिसरांत जा, परत ये, आणि शेवटीं गालील प्रांताकडे वळ. प्रत्येक वेळीं काम त्याच्याच वांट्यास आलें, आणि प्रत्येक वेळीं तो उठला व कामास लागला. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचें एकही वाक्य नाहीं. स्वप्नाविषयीं तो कोणापाशीं कांहीं बोलला असेल तर तें लिहिलेलें नाहीं. गांठोडें बांधून रात्रींच निघाला एवढें लिहिलें आहे.

पौलाची गोष्ट याहून निराळी. त्रोवस येथें रात्रीं त्याला दृष्टान्त झाला : मासेदोनियाचा एक मनुष्य उभा राहून मदतीस बोलावीत आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायांत, अगदीं याच ठिकाणीं, लेखक एकाएकीं ‘आम्ही’ असें लिहूं लागतो. पाहिलें एकट्या पौलानें. अनुमान काढलें ‘आम्हीं’. सोबत्यांनीं मिळून विचार केला, मग तारूं पकडलें. आणि तेथें गेल्यावर काय? स्वप्नांतला तो पुरुष कोठें भेटल्याचा उल्लेख नाहीं. नदीकांठीं प्रार्थनेस जमलेल्या कांहीं स्त्रिया भेटल्या, त्यांत जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया होती. आणि थोड्याच दिवसांत फटके व तुरुंग. स्वप्न खोटें होतें काय? नव्हतें. पण जो त्यांतील चेहरा शोधीत बसला असता त्याला लुदिया दिसलीच नसती.

स्वप्न स्वतःचें कोणतें व देवाचें कोणतें, हें ओळखण्याची हातोटी ज्यांस होती अशा माणसांत आम्ही एका आईस अग्रमान देतों. संत ऑगस्टीन यांची आई मोनिका. मुलगा तरुणपणीं भलत्या पंथांत शिरला तेव्हां तिला स्वप्न पडलें कीं, ती एका लांकडी पट्टीवर रडत उभी आहे, आणि एक तेजस्वी तरुण तिला सांगत आहे कीं, नीट पाहा, तूं जेथें आहेस तेथेंच तुझा मुलगा आहे. पाहते तों खरेंच तो शेजारीं उभा. मुलगा मोठा हुशार. तो म्हणाला, याचा अर्थ एक दिवस तूं माझ्या पंथांत येशील. ती तत्क्षणीं उत्तरली कीं, तो आहे तेथें तूं असशील असें मला सांगितलें नाहीं. तूं आहेस तेथें तो असेल असें सांगितलें. ऑगस्टीन यांनीं आपल्या आत्मकथनांत कबूल केलें आहे कीं, स्वप्नापेक्षां या उत्तरानें आपण अधिक हाललों. तरीही पुढें जवळजवळ नऊ वर्षें तो पालटला नाहीं, आणि स्वप्न पडलें म्हणून तिनें रडणें व प्रार्थना करणें सोडलें नाहीं. ३८७ सालीं ईस्टरच्या सणीं मिलान येथें त्याचा बाप्तिस्मा झाला.

हें बहुतेकांस ठाऊक असतें. त्याच ग्रंथांतील पुढची एक लहानशी गोष्ट कोणी सांगत नाहीं, ती आम्हांस याहून मोलाची वाटते. पुढें मोनिकेस मुलाचें लग्न करावयाचें होतें. त्याविषयीं कांहीं दर्शन व्हावें म्हणून तिनें प्रार्थना केली, मुलानेंही तिला तसें करण्यास सांगितलें. स्वप्नें पडलीं. पण तिनें प्रामाणिकपणें सांगितलें कीं, हीं माझ्या मनाच्या ध्यासानें पडलेलीं आहेत, यांत तें नाहीं. दोहोंतला भेद शब्दांत सांगतां येत नाहीं, पण त्याची चव कळते, असें ती म्हणे. मुलाच्या लग्नासंबंधीं जें हवें तें स्वप्नांत दिसलें असतां ‘हें देवाचें नव्हे, माझेंच आहे’ असें म्हणणारी आई किती विरळा!

आपल्या महाराष्ट्रासही हा विषय परका नाहीं. तुकारामबोवांना बाबाजी चैतन्य यांचा उपदेश स्वप्नांत झाला, हें त्यांनीं स्वतः अभंगांत सांगितलें आहे. त्या अभंगांत एक गोड तपशील आहे. गुरूनें भोजनास पावशेर तूप मागितलें, आणि तुकोबांस त्याचा स्वप्नांत विसर पडला. इतका मोठा प्रसंग सांगतांना आपला विसरही सांगावा, यावरून त्या साक्षीचा खरेपणा आम्हांस वाटतो. दुसऱ्या स्वप्नांत नामदेव पांडुरंगास बरोबर घेऊन आले, आणि त्यांनीं तुकोबांवर कवित्वाचें काम सोंपविलें. धन सांपडेल असें नव्हे, कीर्ति होईल असेंही नव्हे, काम. आणि त्या कामापायीं त्यांस जो छळ सोसावा लागला तो सर्वश्रुत आहे. बहिणाबाई या तुकोबांना प्रत्यक्ष भेटण्यापूर्वींच स्वप्नांत त्यांच्या शिष्या झाल्या, आणि त्याबद्दल त्यांस नवऱ्याचा मार खावा लागला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें बालपण कोंकणांत गेलें, पण संस्कृताचें शिक्षण व पुढें विवाह यांमुळें ते आपल्या नाशिकाशीं जोडलेले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते म्हणत. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि १९१७ सालीं, वयाची पंचावन्न वर्षें उलटल्यावर, अंतरींच्या हांकेस मान देऊन त्यांनीं मिशनची नोकरी व पगार सोडला व सातारा येथें ‘देवाचा दरबार’ उभारावयास घेतला. १९१९ च्या मे महिन्यांत ते वारले. म्हणजे या हांकेसाठीं त्यांना दोनच वर्षें मिळालीं. परंतु आम्हांस येथें सांगावयाचें आहे तें लक्ष्मीबाईंविषयीं. गोदाकांठच्या जलालपूरची ही मुलगी. नवऱ्याचा बाप्तिस्मा झाला म्हणून तिचा झाला नाहीं. कित्येक वर्षें ती दुरावलेली राहिली, परत आल्यावरही सोंवळें पाळीत राहिली, आणि सुमारें पांच वर्षांनीं, स्वतःच्या मनानें व स्वतःच्या पायांनीं, ख्रिस्ताकडे आली. पुढें नवऱ्याचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ तिनेंच पुरें केलें. टिळकांना ऐकूं आलेली हांक टिळकांची होती. लक्ष्मीबाईंना त्यांची स्वतःची ऐकूं यावी लागली.

वरील सर्व ठिकाणीं एक गोष्ट समान आहे, ती आमच्या अभ्यासाचें सार म्हणून नव्हे, तर पुढील कबुलीस आधार म्हणून सांगतों. देवाकडून आलेलें स्वप्न ज्याला पडतें त्याच्याच खांद्यावर ओझें ठेवतें. जें स्वप्न दुसऱ्याच्या खांद्यावर ओझें ठेवावयास सांगतें, त्याविषयीं आम्हांस फार संशय आहे. आणि दुसऱ्याच्या स्वप्नाचा अर्थ लावून त्याच्या खांद्यावर ओझें ठेवणाऱ्याविषयीं त्याहून अधिक.

कारण आम्हींच तें केलें आहे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, नुकतीच पदवी घेऊन आम्ही एका दुसऱ्या गांवीं शिकवीत होतों. दहावींतील एका मुलानें एके दिवशीं सांगितलें कीं, मला स्वप्नांत मोठें मैदान दिसलें. पांढऱ्या कपड्यांतील पुष्कळ मंडळी रांगेनें उभी होती, माझी वाट पाहत होती, आणि कोठें तरी घंटा सारखी वाजत होती. आम्हीं क्षणाचाही विचार केला नाहीं. हें पाचारण आहे, तूं धर्मसेवेस जावें, असें आम्हीं त्यास सांगितलें. एवढेंच नव्हे तर त्याच्या बापास पत्र लिहिलें. मुलाच्या मनांत विजेच्या कामाचें शिक्षण घ्यावयाचें होतें. पण मास्तरांचा शब्द. बापानें तो मानला. मुलगा धर्मशिक्षणास गेला आणि दीड वर्षानें परत आला. त्याचें मन तेथें लागलें नाहीं. आपण देवास नकार दिला अशा समजुतीनें तो खचला होता. रस्त्यांत आम्ही दिसलों कीं तो पलीकडच्या बाजूस होई. त्यानें आम्हांस कधीं दोष दिला नाहीं, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें.

पुढें एकांतांत विचार करतां आम्हांस कळून आलें कीं, तरुणपणीं पाळक व्हावें असें आमच्याच मनांत होतें, आणि तें धैर्य आम्हांस झालें नव्हतें. आमची राहिलेली इच्छा आम्हीं त्याच्या स्वप्नांत वाचली. मोनिकेनें जें ओळखलें तें आम्हांस ओळखतां आलें नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं नाशिकच्या बसस्थानकावर तो अचानक भेटला; या वेळीं तो पलीकडे गेला नाहीं. विजेचें काम तो उशिरां शिकला, चांगलें चाललें आहे, दोन मुलें आहेत. रविवारीं मंडळीच्या शाळेंत लहान मुलांस गोष्टी सांगतो, तेंही कोणी न सांगतां. चहा घेतांना आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो हंसला व म्हणाला, “सर, ती घंटा शाळेची होती. आदल्या दिवशीं मला उशीर झाला होता. आणि पांढरे कपडे म्हणजे आपला गणवेश.” आम्हांस हंसतां आलें नाहीं. बस लागली तेव्हां पिशवी उचलून तो पुन्हां म्हणाला, “पण माझी वाट कां पाहत होतीं तीं सगळीं, तें मात्र मला अजून कळलें नाहीं.”

म्हणून दाराशीं उभ्या असलेल्या त्या नववींतल्या मुलास आम्हीं विळ्याचा अर्थ सांगितला नाहीं. त्याला बसवून घेतलें आणि विचारलें कीं, विळा हातीं आला तेव्हां तुला भय वाटलें काय? तो म्हणाला, “नाहीं. जड वाटला.” मग बऱ्याच वेळानें गणिताच्या पेपराची गोष्ट निघाली. ती त्यानें घरीं कोणास सांगितली नव्हती. बस चुकली असें सांगितलें होतें. तो रडला, आजोबा गेल्यापासून पहिल्यांदाच, असें त्यानें मागाहून सांगितलें. पेपर देऊन जाणें हें पाप नव्हे, तथापि बस चुकली हें खोटें होतें, तें आईबापांपाशीं मोकळें करावें, एवढें आम्हीं त्यास म्हटलें. घरीं कोण कोण आहे हें विचारलें असतां कळलें कीं, बाप आपल्या शेतांत गुंतलेला, आणि आजीच्या वांट्याच्या तुकड्यावरील नागली अजून उभीच आहे. एकटी आजी तिच्याकडे बघत बसते. हें पाहण्यास स्वप्नाची गरज नव्हती.

बाजाराच्या दिवशीं बाप हरसूलास आला तेव्हां शाळेंत भेटून गेला. नदीपलीकडे पाठविण्याची भीति त्याच्या मनांतून एकदम गेली असें नाहीं. पण मुलगा सोमवारीं शाळेंत येईल असें त्यानें कबूल केलें. आम्हीं तिघांनीं मिळून प्रार्थना केली.

सोमवारीं तो आला. हातांच्या बोटांवर विळ्याचे ओरखडे होते, आणि वहीच्या कागदांत गुंडाळून त्यानें नागलीचीं चारपांच कणसें आणलीं होतीं. आजीनें दिलीं म्हणाला. तीं अजून आमच्या टेबलावर आहेत. तें स्वप्न पुन्हां पडलें काय, असें आम्हीं विचारलें.

“नाहीं सर,” तो म्हणाला, “दोन दिवस कापणी करून इतकी झोप लागली कीं कांहींच दिसलें नाहीं.”